गाडीतलं अ‍ॅडास वैताग देतंय? सगळं बंद करण्याआधी या चुका टाळा

"गाडी आपल्या मनानं ब्रेक मारून राहिली ना भाऊ!" नागपुरात नवी गाडी घेतलेल्या कुणाशीही बोला, हे वाक्य ऐकायला मिळतंच. कुणाचं स्टिअरिंग ओढलं जातं, कुणाच्या गाडीत घरापासून ऑफिसपर्यंत नुसती पी-पी चालू असते. वैताग खरा आहे. 2021 पासून मध्यम किमतीच्या गाड्यांमध्येही अ‍ॅडास, म्हणजे कॅमेरा आणि रडारवरून रस्ता बघून चालकाला इशारे देणारं आणि गरज पडली तर ब्रेक-स्टिअरिंग सांभाळणारं तंत्र, मिळायला लागलं, पण ते शिकवण्याची जबाबदारी कुणी धड घेतली नाही. डिलिव्हरीच्या दिवशी हार, पेढे आणि फोटो यातच वेळ जातो, अ‍ॅडास घाईघाईत दाखवलं जातं. मग मालक एक दिवस चिडतो आणि सेटिंगमध्ये जाऊन सगळंच बंद करून टाकतो.

यातल्या काही सोयी नागपूर शहरात बंदच असलेल्या बऱ्या. काही मात्र कधीही बंद करू नयेत. दोन्हींवर सारखाच राग काढला तर ज्या सोयीनं एखाद्या दिवशी जीव वाचला असता, तीही जाते.

इंडिकेटर न देता लेन बदलणं

स्टिअरिंग ओढलं जाण्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे सापडतं. लेन कीप असिस्ट पुढच्या काचेमागच्या कॅमेऱ्यातून रस्त्यावरचे पट्टे बघतं. इंडिकेटर न देता तुम्ही पट्टा ओलांडायला लागलात की चालकाला डुलकी लागली असावी असं ते धरून चालतं आणि गाडी परत लेनमध्ये वळवू पाहतं. इंडिकेटर दिला की ते मध्ये येत नाही. आपल्याकडे इंडिकेटर म्हणजे फक्त चौकात वळताना द्यायची गोष्ट, अशी सवय लागली आहे. वर्धा रोडवर जामठ्याकडे जाताना किती गाड्या इंडिकेटर देऊन लेन बदलतात ते एकदा बघा. ही सवय बदलली तर अर्धी तक्रार तिथेच संपते, आणि मागच्या दुचाकीवाल्यालाही तुमचा इरादा कळतो.

उरलेली अर्धी तक्रार रस्त्याची आहे, ती चालकाच्या माथी मारता येणार नाही. नागपूरचे बरेच रस्ते आता सिमेंटचे आहेत. फिकट सिमेंटवर पुसट झालेला पांढरा पट्टा दुपारच्या उन्हात माणसालाही नीट दिसत नाही, कॅमेऱ्याला कुठून दिसणार? त्यात सिमेंटच्या जोडांत भरलेल्या डांबराच्या काळ्या रेषा आणि पुलाच्या कामासाठी तात्पुरती वळवलेली वाहतूक. अशा ठिकाणी कॅमेरा चुकीची रेषा पकडू शकतो. बऱ्याच गाड्यांत ही सोय साधारण ताशी 60 किलोमीटरच्या पुढेच जागी होते, त्यामुळे गल्लीबोळात तिचा प्रश्न येत नाही. रिंग रोडवर किंवा काम चालू असलेल्या रस्त्यावर ती फक्त इशाऱ्यावर ठेवा, स्टिअरिंग वळवण्याचा अधिकार काढून घ्या. आणि ओढ लागलीच तर घाबरून झटका देऊ नका. स्टिअरिंगचा तो जोर थोडासाच असतो, हात घट्ट धरला की गाडी तुमचंच ऐकते.

शहरात अ‍ॅडाप्टिव्ह क्रूझ लावणं

व्हरायटी चौक, इतवारी, मेडिकल चौक अशा भागात हे लावूच नका. ही यंत्रणा तुम्ही ठरवलेल्या वेगानं गाडी आपोआप चालवते आणि पुढच्या गाडीपासून अंतर राखते, आणि नागपुरात पुढे चार हात जागा मोकळी दिसली की तिथे एक मोपेड आणि एक ऑटो घुसतोच. तो घुसला की गाडी ब्रेक लावते, आणि मागचा, जो तुमच्या बंपरला चिकटून चालला होता, तो येऊन आदळण्याची भीती असते. अंतर कमीत कमी ठेवून हे सुटत नाही, उलट धोका वाढतो. क्रूझ मोकळ्या, दुभाजक असलेल्या रस्त्यासाठी आहे.

लेनच्या कडेनं जाणारी दुचाकी यंत्रणेकडून सुटू शकते, हेही लक्षात असू द्या. तशीच सळ्या बाहेर आलेली ट्रॉली. रडारला ट्रॉलीचा मागचा भाग दिसला, तरी दोन हात बाहेर आलेल्या सळ्या दिसतील याची खात्री नाही.

समृद्धीवर गाडीच्या भरवशावर निवांत होणं

या चुकीबद्दल मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण ती करणाऱ्याला अजिबात त्रास होत नसतो. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला, आणि 5 जून 2025 पासून 701 किलोमीटरचा पूर्ण रस्ता मुंबईच्या दिशेनं खुला आहे. सरळ, एकसुरी रस्ता, कारला ताशी 120 ची मर्यादा, दुचाकी नाहीत, ऑटो नाहीत. अ‍ॅडास इथे उत्तम चालतं, आणि म्हणूनच माणूस लक्ष काढून घेतो. आधीच अशा रस्त्यावर डोळे उघडे असूनही मेंदू बधिर होतो, त्यात पाय मोकळे आणि हातही जवळपास मोकळे.

आता यंत्रणा कुठे कमी पडते ते समजून घ्या. रडारला पूल, पाट्या, कठडे, उभी गाडी हे सगळं स्थिरच दिसतं. प्रत्येक स्थिर वस्तूसाठी ब्रेक लागला तर गाडी चालवणं अशक्य होईल, म्हणून क्रूझ चालू असताना अनेक यंत्रणा चालत्या वाहनांवरच मुख्य भर देतात. तुमच्या पुढची गाडी ऐनवेळी लेन बदलते आणि तिच्यापुढे बिघडलेला ट्रक उभा असतो. पुढचा रस्ता मोकळा झाला असं समजून तुमची गाडी वेग वाढवायलाही लागू शकते. ताशी 120 म्हणजे सेकंदाला 33 मीटरहून जास्त. आपोआप लागणारा ब्रेकही एवढ्या वेगात टक्कर पूर्ण टाळेल याची हमी कुठलीच कंपनी देत नाही. मॅन्युअलमध्ये ते स्पष्ट छापलेलं असतं.

आपल्याकडे विकलं जाणारं अ‍ॅडास जास्तीत जास्त दुसऱ्या पातळीचं आहे. म्हणजे गाडी मदत करते, पण चालवता तुम्हीच आणि जबाबदारीही तुमचीच. तरीही काही जण हात धरण्याचा इशारा बंद व्हावा म्हणून स्टिअरिंगला पाण्याची बाटली अडकवतात. कृपा करून हे करू नका, आणि कुणी करत असेल तर त्याच्या गाडीत बसू नका. हात स्टिअरिंगवर असूनही इशारा येत असेल तर कारण साधं आहे: बऱ्याच गाड्या स्पर्श नाही, स्टिअरिंगवरचा हलका जोर मोजतात. सरळ रस्त्यावर हात नुसता टेकलेला असेल तर तो त्यांना कळत नाही. स्टिअरिंगला किंचित जोर द्या, इशारा जातो.

जनावरांसाठी ब्रेक आपोआप लागेल असं समजणं

ही यंत्रणा मुख्यतः वाहनं आणि माणसं ओळखण्यासाठी बनलेली आहे. काटोल रोडवर रात्री आडवा आलेला रोही (नीलगाय), उमरेडकडे जाताना रानडुकरं, पावसाळ्यात कोरड्या जागेसाठी रस्त्यावर बसलेल्या गाई: यांच्यासाठी तुमचे डोळे आणि तुमचा पाय, एवढंच.

कॅमेरा आणि रडार झाकून टाकणं

"सेन्सर ब्लॉक्ड" असा संदेश आला की लोक थेट सर्व्हिस सेंटर गाठतात. आधी स्वतः बघा. कॅमेरा आतल्या आरशाच्या मागे असतो, रडार पुढच्या बंपरमध्ये किंवा जाळीमागे. दसऱ्याच्या पूजेत झेंडूचा जाड, ओला हार नेमका रडारसमोर येतो आणि दोन दिवस तसाच राहतो. पूजा जरूर करा, हार बॉनेटवर घाला आणि निघण्याआधी काढून ठेवा. डॅशबोर्डवरची चकचकीत मूर्ती किंवा पांढरं कापड काचेत उमटतं आणि कॅमेऱ्याला तेच समोर दिसतं. मूर्ती छोटी, बिनचमकेची आणि बाजूला ठेवा. काचेवरची फिल्म कॅमेऱ्यासमोर नकोच. नियमानुसार पुढच्या काचेतून किमान 70 टक्के उजेड आत यायला हवा. पुढे लावलेला लोखंडी क्रॅश गार्ड रडारच्या आड येतो, आणि केंद्राने 2017 मध्येच त्याला बेकायदा ठरवलं आहे.

मग आपलं ऊन. मे महिन्यात पारा 45 च्या वर असताना गाडी दुपारभर उघड्यावर राहिली की काचेमागचा कॅमेरा तापतो आणि काही वेळ काम थांबवतो. हा बिघाड नव्हे. एसी लावा, हवेचा झोत पुढच्या काचेवर सोडा, थोड्या वेळात संदेश जातो. गाडी सावलीत लावा, नाहीतर काचेला आतून सनशेड लावा.

काच किंवा बंपर बदलल्यावर कॅलिब्रेशन न करणं

दगड लागून काच फुटली, बाहेरून स्वस्तात बदलून घेतली आणि त्यानंतर गाडी विचित्र वागायला लागली, अशी तक्रार असेल तर दुसरं काही शोधू नका. कॅमेरा काचेला लागून बसतो. त्याचा कोन अगदी थोडा बदलला तरी दूरवरच्या अंदाजात मोठा फरक पडतो. तो कोन पुन्हा मोजून नीट बसवणं म्हणजेच कॅलिब्रेशन. बंपर रंगवला, ठोकून सरळ केला, टायरचा आकार बदलला, सस्पेन्शन बदललं, तर कॅलिब्रेशन लागेल का हे विचाराच. झाल्याचं जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदपत्रावर, लिहून घ्या. विमा कंपनीला काच बदलण्याच्या खर्चात कॅलिब्रेशन धरलं आहे का, हे काम सुरू होण्याआधी विचारा, नंतर वाद घालण्यात अर्थ नसतो.

सगळे दिवे एकदम लागले म्हणून घाबरणं

सकाळी गाडी सुरू केली आणि चार-पाच इशारे एकत्र दिसले, तर आधी 12 व्होल्टची बॅटरी तपासा. ती कमजोर झाली की अनेक यंत्रणा एकाच वेळी तक्रार करतात, आणि नागपूरच्या उन्हात बॅटरी लवकर थकते. टायर प्रेशरचा दिवा डिसेंबरच्या थंडीत लागतो, कारण तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधला हवेचा दाब सुमारे 1 पीएसआय (दाब मोजण्याचं एकक) कमी होतो. हवा गाडी थंड असताना भरा. किल्लीतला सेल संपला तर किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवून बघा, बहुतेक गाड्या तशाही सुरू होतात. दार उघडायला किल्लीच्या पोटात खरी किल्ली असते, ती कुठून निघते हे आजच बघून ठेवा.

चिडून सगळं बंद करणं

आपोआप लागणारा ब्रेक चालूच ठेवा. ब्लाइंड स्पॉटचा, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या बाजूच्या जागेचा, इशाराही चालूच ठेवा, कारण डावीकडून घुसणारी दुचाकी नागपुरात कुठेही येऊ शकते. टक्कर-इशारा फार लवकर वाजत असेल तर तो बंद न करता "उशिरा" किंवा "मध्यम" वर आणा. लेनचा इशारा आवाजाऐवजी स्टिअरिंगच्या कंपनावर ठेवा. एवढं केलं की रोजची पी-पी बरीच कमी होते.

जी उरते तिच्याकडे लक्ष द्या. 2021 मध्ये नागपुरात आयरास्ते हा रस्ते सुरक्षेचा प्रकल्प सुरू झाला, त्यात इंटेल, ट्रिपल आयटी हैदराबाद ही शिक्षणसंस्था, सीआरआरआय ही केंद्राची रस्ते संशोधन संस्था आणि महापालिका एकत्र आले. शहर बसमध्ये चालकाला इशारा देणारी उपकरणं बसवली, आणि इशारे कुठे वारंवार वाजतात यावरून अपघात होण्याआधीच धोक्याच्या जागा शोधण्याचं काम झालं. तुमची गाडीही रोज त्याच वळणावर वाजत असेल तर तिथे वेग कमी करून बघा.

हे सगळं करूनही मोकळ्या रस्त्यावर विनाकारण ब्रेक लागत असेल तर तो दोष आहे आणि तो सहन करू नका. तारीख, वेळ, जागा, वेग आणि ऊन-पाऊस लिहून ठेवा, डॅशकॅमचं चित्रण जपा. सर्व्हिस सेंटरला सॉफ्टवेअर अपडेट विचारा आणि तक्रार जॉब कार्डवर तुमच्याच शब्दांत लिहायला लावा. "नॉर्मल आहे सर" एवढंच उत्तर मिळालं तर ते लेखी मागा, आणि ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा.