टेंपरेचरचा काटा एचवर (हॉटवर) गेला म्हणून लगेच रेडिएटर खोलू नका

ऑटो इलेक्ट्रिकलला नवीन असाल तर थर्मोस्टॅट काय, सेन्सर काय हे आयटीआयमध्ये झालेलं असेल, ते परत सांगत नाही. मी ज्यात चार दिवस घालवले तेवढंच सांगतो.

गाडी सत्तरच्या दशकातली मिनी, ती छोटी ब्रिटिश कार, तीन मीटरवाली. तक्रार एकच, दहा मिनिटं चालवली की टेंपरेचरचा काटा एचला टेकतो. मी कूलंट बदललं, थर्मोस्टॅट बदलला, सेन्सर नवीन टाकला, रेडिएटर काढून धुवून आणला, काटा तिथंच. मालक मधेच म्हणाले, हल्ली पेट्रोल पण कमी खाते वाटतं, काटा खालीच येत नाही. मी नुसतं हो हो केलं. तिसऱ्या दिवशी ट्रायलला नेली तर पाव टाकी दाखवत असताना पेट्रोल संपून बंद पडली, आणि ढकलताना ट्यूब पेटली की दोन्ही काटे एकदम वर दाखवतायत म्हणजे चोर इंजिनात नाही, दोघांच्या सप्लायमध्ये आहे.

आता हे नीट वाचा. ह्या दोन्ही मीटरमध्ये बायमेटल (दोन धातू चिकटवलेली) पट्टी असते, तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली. तारेतून करंट वाहिला की ती तापते, पट्टी वाकते, काटा सरकतो. इंजिन तापलं की सेन्सरचा रेझिस्टन्स उतरतो, करंट वाढतो. पण व्होल्टेज वाढलं तरी करंट वाढणारच ना! गाडी बंद असताना बॅटरी 12.6, चार्जिंग सुरू झालं की 14 च्या आसपास. म्हणून डॅशमागे व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, तो सप्लाय सारखा चालू-बंद करून सरासरी 10 व्होल्ट देतो. आणि हे करायला त्याला स्वतःचा अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीशी पक्की जोडणी, लागतो. अर्थ गेला की त्याचा कॉन्टॅक्ट उघडतच नाही, मीटरला सरळ 14 जातात. तारेची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने वाढते, म्हणजे 10 च्या जागी 14 गेले की जवळपास दुप्पट. इंजिन बिचारं थंडच.

माझ्या केसमध्ये पेंटरने डॅशची मागची बाजू पण रंगवली होती आणि स्टॅबिलायझर त्या रंगावरच कसला होता. पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासली, स्क्रू आवळला, झालं.

ह्या गाडीच्या आधी एकदा एक चांगला स्टॅबिलायझर मी खराब म्हणून फेकला होता बरं का. डिजिटल मल्टिमीटर लावला तर 12, शून्य, 12, शून्य असं उड्या मारत होतं, मला वाटलं गेला. तो तसाच चालतो! टेस्ट लॅम्प लावा, लुकलुकला की चालू आहे.

फक्त टेंपरेचरचाच काटा चढतोय आणि हेडलाइट लावले की अजून चढतोय? मग बॉडी ते इंजिन अर्थची पट्टी बघा. इंजिन चालू, लाइट चालू ठेवून बॉडी आणि इंजिन ब्लॉकमध्ये व्होल्टेज मोजा, अर्धा व्होल्ट जरी दिसला तरी पट्टी काढून दोन्ही टोकं घासा.

काही उस्ताद लोक सेन्सरच्या वायरीत रेझिस्टर टाकून काटा खाली आणतात, गिऱ्हाईक खूश. असं शिकवणाऱ्याकडे काम शिकू नका, स्पष्ट सांगतो. उद्या इंजिन खरंच तापलं तर काटा मधेच राहील आणि हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) जाईल. सेन्सरची वायर बॉडीला टेकवून मीटर चेक करायची असेल तर क्षणभरच, धरून ठेवली तर आतली तार जळते.

बाकी घाबरण्यासारखं काही नाही. थर्मोस्टॅट हाउसिंगवर इन्फ्रारेड थर्मामीटर मारा, 85 डिग्री दाखवतोय आणि काटा एचवर, तर पाना खाली ठेवून मल्टिमीटर उचला. 110 दाखवलं तर मात्र गाडी बंद करा आणि रेडिएटरच्या कॅपला हात लावू नका. नवीन गाड्यांत सेन्सर ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) 5 व्होल्टवर चालतो, तिथं हा स्टॅबिलायझरचा घोळ नाही, पण खराब अर्थ तिथंही काटा नाचवतो.

रेडिएटर धुतल्याचे पैसे मी बिलात लावले नाहीत. जुना सेन्सर चांगलाच होता, अजून माझ्या डब्यात पडलाय.