ऊद लावावा कसा: पहिला अर्धा तास मत देऊ नका

पूजेच्या दुकानात 'ऊद द्या' म्हणालात तर पुडीत पिवळट-तपकिरी खडे बांधून मिळतील. तिन्हीसांजेला निखाऱ्यावर टाकतो तो आपला ऊद. स्टायरॅक्स जातीच्या झाडाचा तो डिंक. काही दुकानदार त्यालाच लोबान म्हणतात. आखातात ज्याला ऊद म्हणतात तो हा नव्हे. तो म्हणजे अगर, संस्कृतातला अगरू. आपल्या उदबत्तीत ऊद आहे, हिंदीतल्या अगरबत्तीत अगर आहे, पण ते नावापुरतंच. दहा-वीस रुपयांच्या पुड्यात अगर शोधू नका. मी लिहितोय ते या आखाती ऊदाबद्दल, त्याच्या तेलाबद्दल आणि लाकडाबद्दल.

दुसरा घोळ बाटलीवरच्या नावाचा. 'दहन अल ऊद' असं लिहिलेलं असतं. अरबीत त्या 'दहन'चा अर्थ तेल. आपल्या होळीच्या दहनाशी त्याचा काही संबंध नाही. शारजात माझ्या खोलीत राहणाऱ्या साताऱ्याच्या एका गड्याने ते नाव वाचून चार थेंब निखाऱ्यावर ओतले होते. अर्ध्या पगाराचा धूर झाला.

मी आखातात १९ वर्षं काढली आणि त्यातली पहिली तीन या बाबतीत फुकट घालवली. तुमची जाऊ नयेत म्हणून लिहितोय.

१. काय हुंगताय ते माहीत असू द्या

अ‍ॅक्विलेरिया जातीचं निरोगी झाड कापलं तर आत पांढरट, हलकं, बिनवासाचं लाकूड निघतं. खोडकिडा भोक पाडतो, त्या जखमेतून बुरशी शिरते आणि झाड स्वतःला वाचवायला राळ सोडतं. राळेने काळपट झालेलं तेवढंच लाकूड म्हणजे ऊद. आसामात या झाडाला सांची म्हणतात; त्याच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहीत. त्रिपुराचा तर तो राज्यवृक्ष आहे. जंगलातली झाडं इतकी तुटली की आसामी जातीच्या व्यापारावर १९९५ पासून साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आलं, आणि आता लागवडीच्या झाडांना मुद्दाम भोकं पाडून राळ धरवतात. 'लागवडीचा म्हणजे नकली' असं सांगणाऱ्या दुकानदाराकडे जंगली म्हणून खपवायचं काहीतरी असतं, एवढंच समजा.

आसामातल्या होजाईच्या भट्ट्यांत लाकडाचा चुरा आधी बरेच दिवस पाण्यात भिजत घालतात आणि मग त्याचं ऊर्ध्वपातन करतात. त्या भिजण्या-आंबण्यातून तेलाला एक जनावरी दर्प येतो. आखाती बाजारात 'हिंदी' ऊद म्हणतात तो हाच. 'कंबोडी' त्या मानाने गोड, पिकल्या फळासारखा. कंबोडी म्हणून विकलेला सगळाच माल कंबोडियातून येतो असं नाही. ते आता वासाच्या धाटणीचं नाव झालंय.

२. खरेदी

तेल पाव तोळा घ्या, जास्त नको. आखातात अत्तर अजून तोळ्यावर विकतात, आणि तोळा आपलाच. पाव तोळा म्हणजे तीनेक मिलीलीटर. माझ्या मापाने लावलात तर वर्षभर सरत नाही. मुंबईत मोहम्मद अली रोडला जा, दुबईत असाल तर देऱ्याच्या अत्तरबाजारात. आज आखाती समजलं जाणारं अजमल हे अत्तरवाल्यांचं नावसुद्धा १९५१ साली मुंबईत सुरू झालं, आणि सुरू करणारा माणूस होजाईचा, तेव्हा 'असली माल तिकडेच मिळतो' या समजुतीला फारसा अर्थ नाही.

दोनशे रुपयांच्या बाटलीत शुद्ध ऊद नसतो. स्प्रेवर 'ऊद' लिहिलेलं असेल तर आत बहुतेक वेळा रसायनांतून जुळवलेला त्याचा भास असतो. इव्ह सेंट लॉरांचं एम सेव्हन २००२ मध्ये आलं, टॉम फोर्डचं ऊद वूड २००७ मध्ये, आणि मग युरोपातल्या प्रत्येक कंपनीला ऊदाची बाटली काढावीशी वाटली. ते वास वाईट नाहीत, मीही वापरतो. पण त्यावरून ऊद आवडतो की नाही हे ठरवणं म्हणजे आंब्याच्या थंड पेयावरून हापूसची पारख करणं.

घरगुती परीक्षांवर पैसे लावू नका. 'लाकूड पाण्यात बुडलं तर खरं' हे सगळीकडे वाचायला मिळतं. भरपूर राळेचं लाकूड बुडतं हे खरं. चिनी आणि जपानी भाषांत त्याचं नावच 'बुडणारं सुगंधी लाकूड' अशा अर्थाचं आहे. पण हलक्या प्रतीचं अस्सल लाकूड तरंगतं, आणि नकली तुकडा जड करणं काही अवघड नाही. तेलाचा रंग बघून तर काहीच कळत नाही.

३. पहिल्यांदा लावणं: इथेच सगळे फसतात

दुसऱ्या वर्षी मी देऱ्यातून हिंदी ऊदाचा पाव तोळा आणला. खोलीवर येऊन मनगटाला लावला आणि नाकात गोठा शिरला. ओला पेंढा, शेण, आणि कोपऱ्यात भिजलेली चामड्याची वहाण. मी गुहागरकडच्या खेड्यातला. हा वास मला फुकट मिळत होता तेव्हा मी त्याच्यापासून पळत होतो, आणि आता दिरहम मोजून आणला होता. माल नासलाय अशी माझी खात्री झाली. पाच मिनिटांत साबणाने हात धुतला आणि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन भांडलो. दुकानदाराने एक शब्द न बोलता बाटली परत घेतली आणि त्याच किमतीची लालसर, गोड वासाची मोठी बाटली दिली. मी खूश. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, आणि ते धुपाटणं मी जवळजवळ दोन वर्षं मिरवलं.

मग एकदा ऑफिसच्या लिफ्टमध्ये एका ओमानी सहकाऱ्याच्या अंगाला असा वास आला की मी दोन मजले जास्त वर गेलो. जुन्या सागवानी पेटीचं झाकण उघडावं, आत मध सांडलेला असावा आणि कुणीतरी नुकतीच चूल विझवलेली असावी, तसा. विचारलं तर म्हणाला, हिंदी. मी त्याला माझी नासक्या मालाची हकीकत सांगितली. त्याने एकच प्रश्न विचारला: किती वेळ थांबलास? पाच मिनिटं, म्हणालो. तो हसतच सुटला.

तर हे असं करा. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, अंघोळ झाल्यावर, दुसरं काहीही न लावता बसा. टूथपिकचं टोक तेलात बुडवून काठावर निथळू द्या आणि कोपराच्या खाली, हाताच्या आतल्या बाजूला एकदा टेकवा. मनगटाला नको, तिथे घड्याळ असतं, आणि जेवायला बसताना हात धुतला की परीक्षा संपली. लग्नात लावतात तसा हाताच्या पाठीवरही नको, कारण मग नाक सारखं तिकडे जातं. पहिल्यांदाच लावत असाल तर कातडी लाल होत नाही ना, हेही याच वेळी कळेल.

आणि आता हात हुंगायचा नाही. हे सगळ्यात अवघड. भांडी घासा, फोन करा, भाजी निवडा. पहिली दहा-पंधरा मिनिटं गोठा असणार आहे, तो धरूनच चाला. अर्ध्या-पाऊण तासाने एकदा हुंगा: शेणाचा दर्प मागे सरून चामडं आणि धूर पुढे आलेला असेल. दोन तासांनी पुन्हा: आता लाकूड. तिसऱ्यांदा थेट सकाळी, अंथरुणात असतानाच. जे उरलेलं असतं ते गोडसर, कोरडं, कातडीला चिकटून बसलेलं, आणि ऊदाचे पैसे आपण त्यासाठी मोजतो. तीनदाच हुंगायचं, आणि मत द्यायचं ते तिसऱ्यांदा.

दोन तासांनंतरही डोकं दुखत असेल, नुसता उग्रपणाच असेल, तर तो ऊद तुमचा नव्हे. कंबोडी करून बघा. आणि पहिल्या मिनिटाला जो वास होता तोच काडीइतकाही न बदलता चौथ्या तासाला असेल, तर मला संशय येतो. माझी ती लालसर बाटली तशीच होती. सकाळी गोड, दुपारी गोड, रात्री गोड. दुकानातल्या दुकानात पाच तेलं हुंगून खरेदी करणाऱ्यांना म्हणूनच मी हात जोडतो. एका हाताला एक, दुसऱ्या हाताला दुसरं, आणि घरी या. दुकानदार घाई करत असेल तर त्याला ठाऊक असतं की तासाभराने तुम्ही ते घेणार नाही.

सारखं हुंगत राहिलं तर नाक त्या वासाला बधिर होतं. त्यावर कॉफीच्या बिया हुंगायला सांगतात. त्याने काही होत नाही, आणखी एक उग्र वास नाकात जातो इतकंच. खिडकीत जाऊन उभे राहा. 'मनगटं एकमेकांवर घासू नका, वासाचे रेणू मोडतात' हेही असंच. रेणू काही पापड नाहीत मोडायला. घासल्याने तेल पसरतं आणि तापतं, वासाचा पहिला टप्पा लवकर उडतो, म्हणून घासू नये.

४. किती

बधिर नाकाचा खरा धोका मापात आहे. तुम्हाला येईनासा होतो, पण शेजारच्याला येत असतो. सुट्टीवर आलो असताना मे महिन्यात मुंबईहून चिपळूणच्या एसटीत बसलो होतो. पनवेलला वाटलं वास गेला, पुन्हा लावला, माणगावला पुन्हा. शेजारच्या मावशी बराच वेळ पदर नाकाला लावून बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "अहो दादा, पिशवीत काय सांडलंय का बघा तुमच्या."

टूथपिकचे दोन टेके. संपले. थंडीत तीन. कोकणच्या दमट उन्हाळ्यात एकच, आणि तोही कॉलरच्या आत. बाटलीसोबत काचेची काडी येते ती वापरू नका, ती विकणाऱ्याच्या सोयीने केलेली असते. निघायच्या पाऊण तास आधी लावा, म्हणजे गोठा घरातच राहतो. एकदा लावल्यावर दिवसभर पुन्हा नाही. शंका आली तर घरच्यांना विचारा, स्वतःच्या नाकाला नको.

५. कुठे

कानामागे आणि छातीवर. पूर्वीचे लोक कानात फाया ठेवत, तेही चालेल. दाढी असेल तर हनुवटीखाली.

६. कपड्यांना धूर

तेलापेक्षा हे स्वस्त आणि चुकायला कमी वाव असलेलं. कोळसा पेटवल्यावर त्यावर राखेची करडी साय येईपर्यंत थांबा. झटपट पेटणाऱ्या गोल वड्यांचा बारुदी वास तोवर गेलेला असतो. मग वर अभ्रकाचा पातळ तुकडा आणि त्यावर लाकडाचा नखाएवढा कपचा. थेट निखाऱ्यावर ठेवलात तर ऊद जळतो आणि जळक्या लाकडाचा वास येतो. कपचा तापून त्याच्यावर राळेचे बुडबुडे आले पाहिजेत. विजेचं धुपाटणं असेल तर हा सगळा खटाटोप वाचतो. शर्ट वर टांगा, दोन-तीन मिनिटं बास. खिडकी उघडी ठेवा, आणि घरात दम्याचं कुणी असेल तर कोळसा नकोच. पावसाळ्यात कपाटातल्या कुबटपणावर याच्याइतका चांगला उपाय मला सापडलेला नाही.

अरबांच्या घरी हे धुपाटणं फिरवतात ते पाहुण्यांची निघायची वेळ झाली की. 'ऊदानंतर बसणं नाही' अशी यमक जुळलेली म्हणच आहे त्यांच्यात. मी पहिल्यांदा ते पुढ्यात आल्यावर छान धूर घेतला आणि पुन्हा मांडी ठोकून बसलो. बिचाऱ्यांनी आणखी एकदा चहा केला.

७. काढणं आणि ठेवणं

जास्त झालं तर नुसत्या साबणाने जात नाही. आधी खोबरेल चोळा, कापसाने पुसा, मग साबण. बाटली उजेडापासून दूर, कपाटात. वर्षं गेली तरी बिघडत नाही, उलट मुरतो. तेलाचा तपकिरी डाग पांढऱ्या कापडावर पडला तर तो जाईल असं समजू नका, धुवून फक्त फिका होतो. माझे दोन सदरे त्यापायी लादी पुसायच्या फडक्यात गेले. एकाला अजून वास येतो, आणि ज्या दिवशी तो ओला होतो त्या दिवशी घरभर येतो.