जुनी भांडी, जुनी चित्रं, हातकामाच्या वस्तू : घर सजवताना या चुका टाळा

पुण्यात पेठेत माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. फ्रेमांच्या निमित्ताने लोक आजीची भांडी, जुनी चित्रं, लाकडी पेट्या असं काय काय घेऊन येतात आणि विचारतात, "काका, याचं काय करता येईल?" विचारतात ते बहुतेक वेळा उद्योग करून झाल्यावर. रविवारी व्हिडिओ बघायचा, दुपारी सँडपेपर आणायचा आणि सोमवारी माझ्या काउंटरवर लाकडाचा मुडदा आणून ठेवायचा. माझा नियम सोपा आहे. जुनी वस्तू घरी आली की निदान एक पावसाळा तिला हात लावायचा नाही. धूळ पुसा आणि बघत बसा. नव्वद टक्के घाई तेवढ्यात ओसरते.

पितळ-तांब्याला बफिंग करून आणणं

या चुकीवर मी सगळ्यात जास्त चिडतो, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात.

कोकणातलं घर विकलं तेव्हा एका कुटुंबाच्या वाटणीला तांब्याचं घंगाळ आलं. जाड पत्रा, दोन बाजूंना पितळी कड्या आणि काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी घातलेलं पणजीचं नाव, गाव आणि शके. पूर्वी भांडं घेतलं की त्यावर नाव घालून घ्यायचेच, कारण लग्नाकार्यात भांडी घरोघरी फिरायची. घरातल्या ताईंना ते दिवाणखान्यात ठेवायचं होतं. कल्पना चांगलीच होती. पण आधी त्यांनी ते बफिंगला दिलं आणि वर लॅकर, म्हणजे पारदर्शक रोगण, मारून आणलं. परत आलं तेव्हा हॉटेलच्या लॉबीत शोभेल इतकं चकचकीत, आणि काठ कोरा. बफिंगचं चाक चमक देतं ते धातूचा थर घासून काढूनच. ठिपके मुळात उथळ, त्यात वर्षानुवर्षं राखेने घासून झिजलेले. ते गेले. घरातल्या आत्याबाईंनी आल्या आल्या काठावरून बोट फिरवलं, नाव शोधलं आणि काही न बोलता आत निघून गेल्या.

पावसाळा लागला. लॅकरला कुठेतरी ओरखडे पडले होते, त्यातून दमट हवा आत शिरली आणि चकचकीत थराखाली काळे नकाशे उमटले. तेव्हा घंगाळ माझ्याकडे आलं. थिनरने लॅकर काढून देता येतं, ते दिलं. मग ताई म्हणाल्या, "काका, तेच नाव पुन्हा घालून मिळेल का?" मी नाही म्हणालो. आज घातलेलं नाव पणजीच्या काळचं म्हणून मिरवायचं, हे मला जमत नाही. दुसरं कोणी देईल करून, पण माझ्या दुकानात नाही.

माझी पद्धत अशी. रिठ्याचं कोमट पाणी, मऊ ब्रश, लगेच सुती फडक्याने कोरडं करायचं आणि थोडा वेळ उन्हात ठेवायचं. तपकिरी झाक तशीच राहू द्यायची, ती मळ नव्हे. हिरवी भुकटी मात्र काढायची, कारण तो कळंक, तो धातू खातो. नक्षीच्या खाचांतून तो लाकडी टूथपिकने निघतो. चिंच-मीठ चोळायचंच असेल तर चोळा, पण नंतर भरपूर पाण्याने धुवा. खाचेत राहिलेली आंबट-खारट ओल पुढच्या कळंकाची सोय करते. रोज चकाकी हवी असेल तर जुन्या भांड्याच्या मागे कशाला लागता? कसबा पेठेत तांबट आळीत जा, मठारकाम केलेलं, म्हणजे हातोडीने ठोकून घडवलेलं, नवीन भांडं घ्या. ठोक्यांचे ठसे हाताचे असले की एकासारखा दुसरा नसतो. साच्यातून काढलेल्या पत्र्यावर ते मोजून मापून एकसारखे दिसतात.

आणि हंड्यात थेट माती भरून झाड लावू नका. आत प्लास्टिकची कुंडी ठेवा.

कागदी चित्र चिकटवणं, लॅमिनेट करणं

राजा रविवर्म्याच्या प्रेसमधली लक्ष्मी-सरस्वती अजूनही कितीतरी घरांत माळ्यावर निघते. 1894 मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला हा छापखाना. छपाई दगडावरून, एकेका रंगाला वेगळा दगड, रंगावर रंग. त्याची किंमत कळते म्हणून लोक काळजी घेतात, आणि काळजी म्हणजे काय, तर लॅमिनेशन. गरम रोलरखालून गेलेलं प्लास्टिक कागदाच्या तंतूंत बसतं. ते काढायला गेलं की शाईही त्याच्याबरोबर येते. "काका, तुम्ही काढून द्या ना" म्हणून आलेल्यांना मी हात जोडून परत पाठवतो.

त्याच्या खालोखाल कात्री. फ्रेमच्या मापात बसत नाही म्हणून खालची पांढरी पट्टी छाटायची. त्याच पट्टीवर प्रेसचं नाव आणि चित्राचं शीर्षक असतं. तेवढी पट्टी गेली की हातात राहतं एक रंगीत चित्र, ते कोणाचं आणि कुठलं हे सांगायला काहीच उरत नाही.

तिसरं, मागे हार्डबोर्ड आणि फेव्हिकॉल. हार्डबोर्डातलं आम्ल कागदात उतरतं, कागद पिवळा पडून ठिसूळ होतो आणि तपकिरी ठिपके धरतात. मी अॅसिड-फ्री माउंट, म्हणजे आम्ल नसलेला जाड पुठ्ठा, वापरतो. चित्र फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्यांनी आणि गव्हाच्या खळीने टांगतो. उद्या कोणाला काढावंसं वाटलं तर ओलाव्याने पट्टी सुटते. काच कागदाला टेकू द्यायची नाही, मध्ये माउंटची जाडी हवीच. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावायचे, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यामधून हवा खेळते. पुण्यात हे नसलं तरी चालून जातं, मुंबई-कोकणात याशिवाय बुरशी ठरलेलीच. बाथरूमच्या पाठच्या भिंतीवर आणि पश्चिमेच्या उन्हात काही लावू नका, एवढं सांगूनही लोक तिथेच खिळा मारतात.

खिळ्यावरून आठवलं. आपल्याकडे तसबिरी छताजवळ, पुढे झुकवून टांगायची रीत होती. वाड्यात ती शोभायची. नऊ फुटी फ्लॅटमध्ये चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 57 इंचांवर ठेवा. बैठक खाली असेल तर आणखी खाली.

वारली चित्र ओल्या फडक्याने पुसणं

कापडावर शेण-गेरूचा हात देऊन त्यावर काढलेलं चित्र असतं ते. ओलं फडकं लावलं की तारप्याच्या, म्हणजे फुंकून वाजवायच्या वाद्याच्या, सुरावर नाचणाऱ्यांचे पाय फडक्यावर. मऊ, कोरडा ब्रश पुरे. आणि भिंतीवर स्टिकर चिकटवून "आमच्याकडे वारली आहे" म्हणू नका. हे चित्र मुळात लग्नातल्या चौकाचं, सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने काढायचं. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी ते कागदावर, रोजच्या जगण्यावर आणलं, जगभर नेलं. डहाणू-पालघरकडे आज कितीतरी चित्रकार आहेत, त्यांच्याकडून घ्या, मागे नाव लिहून घ्या. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी, म्हणजे गोष्ट सांगायची चित्रं, घेतानाही हेच.

लाकूड

जुन्या सागवानी पेटीला बारीक भोकं असली तर ती आणल्या आणल्या पलंगाशेजारी ठेवू नका. बाल्कनीत काळ्या कागदावर ठेवा, काही आठवडे बघा. कागदावर फिकट, ताजी भुकटी पडत असेल तर कीड जिवंत आहे. पेस्ट कंट्रोलवाल्याकडून भोकाभोकात औषध भरून घ्या. नुसतं ऊन दाखवून ती मरत नाही.

जुन्या सागाला पांढरा चॉक पेंट मारणाऱ्यांशी मी वाद घालायचं सोडून दिलं आहे.

बाकीचं थोडक्यात. जुन्या बाजारात, म्हणजे आपल्या बुधवार-रविवारच्या आणि मुंबईच्या चोरबाजारातही, चकचकीत पितळी कर्ण्याचा "अँटिक" ग्रामोफोन दिसला की पुढे चला. नवं खोकं, नवा कर्णा आणि जुनं लेबल असा तो जुळवलेला असतो. समई, अडकित्ता असं काही घेताना हात जिथे लागतो तिथेच झीज आहे का ते बघा. सगळीकडे सारखं काळं दिसलं तर ते औषधाने आणलेलं वय. जुन्या हंड्या-झुंबरांची कापडी वायर बदलल्याशिवाय बटण दाबू नका आणि आत एलईडीच लावा. आजीच्या पैठणीचा पदर उशीच्या अभ्र्याला कापू नका. फ्रेम करायचा तर सुती कापडावर टाक्यांनी बसवा, गोंद नको. पैठणी कपाटातच ठेवायची तर घडीवर रेशीम आधीच विरलेलं असतं, म्हणून घडी मोडून वेगळी घाला.

झोपाळा फॉल्स सीलिंगला टांगायचा विचारही करू नका. वाड्यात तो तुळईला असायचा. फ्लॅटमध्ये आरसीसी बीम शोधून अँकर फास्टनर बसवायचा, तोही इंजिनिअरला विचारून. इंटीरिअरवाल्या मुलाच्या "होऊन जाईल सर"वर नाही.

परदेशातल्या भाच्यांसाठी एक. शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती, चित्र किंवा कलावस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. बॅगेत साड्यांखाली दडवली तरी नाही. देव्हाऱ्यातली जुनी मूर्ती न्यायचीच असेल तर ती किती जुनी आहे हे आधी पुरातत्त्व खात्याकडून तपासून घ्या. शंभरच्या आतली निघाली तर तसं पत्र मिळतं, ते तिकिटाबरोबर ठेवा.