लिफ्ट बसवली, तरी डिफ त्याच दगडाला! या चुका टाळा

लिफ्ट म्हणजे लांब स्प्रिंगा वगैरे घालून गाडी उंच करणं. दोन इंचांची लिफ्ट म्हणजे गाडी सगळीकडून दोन इंच वर, असं समजून पैसे मोजणारे बरेच भेटतात. मारुतीच्या जिम्नीचंच बघा. तिचे पुढचे-मागचे दोन्ही अ‍ॅक्सल अखंड, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकच कडक दांडा. लांब स्प्रिंग घातली की चासी (गाडीचा सांगाडा), बॉडी, बंपर वर जातात. डिफ (डिफरेन्शियल, म्हणजे दोन चाकांत ताकद वाटणारा अ‍ॅक्सलवरचा गोळा) मात्र चाकांशी बांधलेलं, ते होतं तिथेच. ओढ्यातल्या ज्या दगडावर गाडी अडकायची, त्यावर ती लिफ्टनंतरही अडकते, फक्त फोटोत रुबाबदार दिसते. (महिंद्रा थारचं पुढचं डिफ चासीला असल्याने ते उचललं जातं, पण मागे अखंड अ‍ॅक्सलच आहे.)

डिफ उचलतो फक्त मोठा टायर, तोही निम्म्यानेच. जिम्नीचा मूळ १९५/८० आर१५ सुमारे ६९३ मिमी उंच, २३५/७५ आर१५ सुमारे ७३३. वाढले ४० मिमी, डिफखाली मिळाले २०. लिफ्टचं खरं काम हा टायर कमानीत मावावा आणि उंचवटा ओलांडताना पोट टेकू नये, एवढंच. म्हणून आधी टायर ठरवा आणि तो मावेल इतकीच लिफ्ट घ्या. उलट्या क्रमाने गेलात तर खर्च दोनदा. मीटर मुळात अचूक असेल, तर या टायरवर ते ८० दाखवेल तेव्हा गाडी ८४-८५ ने पळत असेल, हेही लक्षात असू द्या.

सगळ्यात जास्त तक्रारी स्टिअरिंगच्या. नुसत्या स्प्रिंगा बदलून गाडी बाहेर काढली की हायवेवर ती भरकटते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही. कारण पुढचा अ‍ॅक्सल किंचित फिरून कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) कमी झालेला असतो. त्यासाठी कॅस्टर सुधारणारे बुश (आर्मच्या जोडात बसणारी रबरी कडी) लागतात. साधं टो-अलाइनमेंट (चाकांची तोंडं आत-बाहेर जुळवणं) कितीही वेळा केलंत तरी उपयोग नाही. अ‍ॅक्सल एका बाजूला सरकलेला दिसत असेल तर पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सलला चासीशी जोडणारा आडवा दांडा) बघा. चासी वर गेल्याने तो तिरका होतो आणि अ‍ॅक्सलला एका बाजूला ओढतो. तिथे लांबी बदलता येणारा रॉड हवा. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहत असेल तर ड्रॅग लिंक (स्टिअरिंगचं वळण चाकांपर्यंत नेणारा दांडा) जुळवून घ्या. ही गोष्ट टाळू नका: सेन्सरला गाडी वळतेय असं वाटतं आणि ईएसपी (गाडी घसरू नये म्हणून आपणहून ब्रेक लावणारी यंत्रणा) भलत्याच क्षणी ब्रेक लावतं.

खड्डा नसतानाही ठकठक येते? बहुतेक वेळा स्प्रिंग लांब आणि शॉक (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) जुनाच, त्यामुळे चाक लोंबलं की शॉक ताणून संपतो. ब्रेकचे होजही (लवचिक नळ्या) त्याच वेळी बघा; चाक पूर्ण लोंबत असताना ते ताठ होता कामा नयेत.

थारमध्ये पुढे स्पेसर (स्प्रिंगवर बसणारी जाड चकती) टाकून स्वस्तात उंची मिळते. पण चाक धरणाऱ्या आर्मच्या गुणोत्तरामुळे स्पेसरच्या जाडीपेक्षा चाकापाशी जास्त उंची येते, हे विसरून जाड स्पेसर घेतला की ड्राइव्हशाफ्ट (चाकं फिरवणारे दांडे) तिरके होतात. त्यांच्या टोकाच्या वाकणाऱ्या सांध्याचं, म्हणजे सीव्ही जॉइंटचं रबर फाटून ग्रीस उडणं, पूर्ण वळणावर टकटक येणं ही त्याची लक्षणं. जुन्या थारचे टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारे पिळाचे दांडे) पिळून उंची वाढवणारे तर चाक खाली लोंबण्याची जागाच गमावतात. गाडी उंच होते आणि खडकाळ चढावर चाक हवेत राहतं.

गॅरेजमध्ये स्वतः उभं राहून एकच बघा. आर्मच्या रबरी बुशांचे बोल्ट शेवटचे आवळताना गाडी चारही चाकांवर उभी हवी. गॅरेजच्या उचल-यंत्रावर टांगलेली असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. सुरुवातीच्या काही शे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. हेडलाइटचा झोतही खाली आणून घ्या, समोरच्याचे डोळे दिपतात.

राहिला कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर विम्याच्या दाव्यात हाच मुद्दा निघू शकतो. काम करायचंच असेल तर आरटीओ आणि विमा कंपनीकडे आधी विचारणा करा. तोवर चिखलात टायरची हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवून बघा. डांबरीवर येण्याआधी मात्र ती पुन्हा भरा.