ठाण्यात मुक्काम ठेवून दोन दिवसांत पाहुण्यांना मुंबई कशी दाखवावी

दिवाळीत आमच्या नौपाड्यातल्या घरी साताऱ्याकडची माणसं येतात. फराळ होतो, भाऊबीज आटोपते आणि मग कुणीतरी म्हणतंच, "आता मुंबई दाखवा." हे काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. पहिल्या वर्षी मी सगळ्यांना घेऊन सकाळी अकराला घरातून निघाले आणि भर दुपारी फोर्टातून चालवलं. काकांना चक्कर आली. एका बंद दुकानाच्या पायरीवर त्यांना बसवून लिंबू सरबत पाजलं आणि टॅक्सीने स्टेशन गाठलं. मुंबई तशीच राहिली. तेव्हापासून माझा एक नियम आहे: या दिवसांत सकाळ आणि संध्याकाळ रस्त्यावर काढायची, दुपार छपराखाली. पुढचा सगळा बेत याच नियमावर उभा आहे.

तारीख आणि वार

मुंबईतून पाऊस साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माघार घेतो. ढग गेलेले असतात, जमिनीत ओल असते आणि समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा सुटतो. त्यामुळे ऑक्टोबर हीट नुसती तापवत नाही, घामाने भिजवतेही. पारा पस्तिशीला टेकतो. नोव्हेंबर लागला की सकाळ-संध्याकाळ हवा सुसह्य होते. म्हणून दिवाळी ऑक्टोबरात आली असेल तर पाहुण्यांना शक्यतो भाऊबीजेनंतर चार-पाच दिवस थांबवून घ्या. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात दादर, मशीद, क्रॉफर्ड मार्केटकडे खरेदीची जी गर्दी उसळते, त्यात म्हातारी माणसं आणि लहान मुलं घेऊन जाऊ नये.

वार शनिवार-रविवार ठेवा. शनिवारी घारापुरी (एलिफंटाचं बेट) आणि रविवारी फोर्ट, याच क्रमाने. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. फोर्ट हा कचेऱ्यांचा भाग, रविवारी तिथले रस्ते मोकळे होतात, इमारतींकडे मान वर करून पाहत उभं राहिलं तरी कुणाचा धक्का लागत नाही. फक्त रविवारी मध्य आणि हार्बर मार्गावर बहुधा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही गाड्या बंद. त्याचं वेळापत्रक आदल्या दिवशी जाहीर होतं, ते नक्की पाहा. ब्लॉक साधारण सकाळी उशिरा सुरू होऊन संध्याकाळच्या आत संपतो. आपण सकाळी आठच्या आत निघणार आणि रात्री परतणार, त्यामुळे आपली फारशी अडचण होत नाही.

लोकलमध्ये माणसं कशी न्यायची

गाडी बुक करू नका. पाहुण्यांना लोकलने न्या. कर्जत-कसारा-कल्याणकडून येणारी फास्ट भरून येते. तिच्या मागे न लागता ठाण्याहूनच सुटणारी धीमी लोकल पकडा. प्लॅटफॉर्मवर पाच-दहा मिनिटं आधी उभं राहिलं तर सगळ्यांना बसायला मिळतं, मुलांना खिडकीही मिळते. तासाभरात सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस) येतं. नवी मुंबईत राहत असाल तर हार्बरची गाडी तुम्हाला थेट तिथेच आणून सोडेल.

चढण्याआधी दोन गोष्टी सगळ्यांना सांगून ठेवा. चालत्या गाडीत चढायचं नाही की उतरायचं नाही. आणि कुणी मागे राहिलंच, तर त्याने घाबरून इकडेतिकडे न जाता पुढच्या गाडीने शेवटच्या स्टेशनला यायचं. बाकीचे तिथे इंडिकेटरखाली थांबतील. शेवटचं स्टेशन गाठायचं असल्यामुळे चुकायला जागा नसते. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या खिशात नंबर लिहिलेली चिठ्ठी असू द्या. बायकांच्या डब्यात बसायचं ठरलं तर कोणत्या डब्यात कोण, हे आधी ठरवा.

गाडी सुटायच्या आधी मी पाहुण्यांना एक गोष्ट हमखास सांगते. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदरहून, म्हणजे आजच्या सीएसएमटीजवळून, निघाली ती आपल्या ठाण्यालाच आली. चौदा डबे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, ३४ किलोमीटरचं अंतर. आपण त्याच वाटेने उलटे निघालोय, हे कळलं की माणसं खिडकीबाहेर वेगळ्या नजरेने पाहायला लागतात. परळ गेलं की चिंचपोकळी-भायखळ्यापर्यंत जुन्या गिरण्यांच्या उरलेल्या चिमण्या शोधायला लावा. साताऱ्या-कोकणातल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी तिथे कामाला होतं. १९८२ च्या संपाच्या आठवणी आमच्या आत्या याच टप्प्यात सांगायला लागतात, आणि मी मधे बोलत नाही.

शनिवार: घारापुरी

घरातून सातच्या सुमारास निघा. सीएसएमटीहून गेटवे दोन-अडीच किलोमीटरवर आहे. पाय शाबूत ठेवायचे असल्याने मीटरने काळी-पिवळी करा. गेटवेवर नऊच्या आसपास पोहोचलात तर पहिल्या काही लाँचपैकी एक मिळते. तिकीट खिडकीवरच घ्या, जाण्यायेण्याचं. लाँचमध्ये लाइफ जॅकेट मागून घ्या आणि घाला, मुलांना तर आधी. फार भरलेली वाटली तर ती सोडा, मागून दुसरी येते. स्वच्छतागृहाला लाँचमध्ये बसायच्या आधीच जाऊन या, कारण पुढचा तासभर पाण्यावर जातो.

बेटाच्या धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी असते. मुलं हट्ट करतील, बसू द्या. त्यानंतर सुमारे १२० पायऱ्या. दोन्ही बाजूंनी दुकानांची रांग असल्याने सावली मिळते. दम लागेल तिथे थांबत चढायचं. गुडघे धरलेल्यांसाठी डोलीची सोय आहे. भाव चढण्यापूर्वी ठरवा. माकडं धीट आहेत, म्हणून हातात खाऊ, पिशवी, शीतपेयाची बाटली काहीही ठेवू नका. सगळं पाठीवरच्या बॅगेत.

लेण्यांमध्ये घाई करू नका. बहुतेक लोक पहिल्या लेण्यात शिरतात, मोठ्या मूर्तीसमोर फोटो काढतात आणि पंधरा मिनिटांत बाहेर. तुम्ही आत गेल्यावर आधी एका खांबाशी शांत उभे राहा, डोळे अंधाराला सरावू द्या. मग समोरची महेशमूर्ती हळूहळू उमटायला लागते. सुमारे वीस फूट उंचीची ही मूर्ती एकाच कातळात कोरलेली आहे. तिला त्रिमूर्ती म्हणतात, त्यामुळे अनेकांना ब्रह्मा-विष्णू-महेश वाटतात, पण तिन्ही मुखं शिवाचीच: मधलं शांत, आपल्या डावीकडचं उग्र भैरवाचं, उजवीकडचं स्त्रीसारखं कोमल. हे सांगा आणि मग पाहुण्यांना पुन्हा पाहू द्या. दुसऱ्यांदा पाहताना माणसं गप्प होतात. शेजारी अर्धनारीश्वर आणि गंगाधर, पुढे शिव-पार्वतीचा विवाह, कैलास हलवणारा रावण. रावणाची गोष्ट आजीआजोबांना येतेच, मुलांना ती त्यांनाच सांगू द्या. ही लेणी साधारण सहाव्या शतकातली आहेत, आणि १९८७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत.

या बेटाला पोर्तुगीजांनी एलिफंटा म्हटलं ते इथल्या दगडी हत्तीवरून. तो हत्ती आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. पाहुणे तिसरा दिवस राहिले तर तिकडे न्या, फक्त बुधवार टाळा. आणखी एक सांगण्यासारखं: मुंबईच्या इतक्या जवळ असूनही घारापुरीला समुद्राखालून केबल टाकून वीज पोहोचली ती २०१८ मध्ये. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर या तिथल्या वस्त्यांमधली माणसंच तुम्हाला पायऱ्यांवर काकडी, आवळे, कैऱ्या विकतात. त्यांच्याकडून घ्या.

साडेबाराला खाली उतरायला लागा. परतीच्या लाँचमध्ये उन्हाचा सगळ्यात कडक तास पाण्यावर आणि छपराखाली निघून जातो. गेटवेला आल्यावर कुलाब्यात किंवा फोर्टात कुठेही निवांत जेवा आणि चारपर्यंत बसून राहा. हा वेळ वाया गेला असं समजू नका. संध्याकाळ त्याच्यावरच उभी असते.

सूर्यास्ताची जागा

बहुतेक मंडळी पाहुण्यांना सूर्यास्त पाहायला गिरगाव चौपाटीवर नेतात. उन्हाळ्यात काय किंवा या दिवसांत काय, तिथून सूर्य मलबार हिलच्या आड जातो. शरदात सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो, म्हणून तो समुद्रात बुडताना पाहायचा तर मरीन ड्राइव्हच्या नरिमन पॉइंटकडच्या टोकाला बसा. साडेपाचला जागा धरा. ऑक्टोबरच्या शेवटी सूर्य सहा-सव्वासहाच्या दरम्यान मावळतो, नोव्हेंबरात सहाच्या सुमारास. अंधार पडल्यावर लगेच उठू नका. साडेतीन किलोमीटरच्या त्या वळणावर दिवे लागत जातात आणि राणीचा हार म्हणजे काय ते नवख्या माणसाला तेव्हाच कळतं.

तिथून चर्चगेटपर्यंत कठड्याच्या कडेने चाला. चर्चगेटहून मेट्रो ३ ने गिरगावला या. भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आणि माझं काम निम्म्याने हलकं झालं. पूर्वी या टप्प्यात टॅक्सीसाठी तिष्ठत उभं राहावं लागायचं. गिरगावात मिसळ, साबुदाणा वडा, पियूष असं आपलं खाणं मिळतं. विनय हेल्थ होमची मिसळ आमच्या घरात सगळ्यांना आवडते. मग मेट्रोनेच दोन स्टेशनं मागे सीएसएमटी. गाडी तिथूनच सुटत असल्याने दमलेल्यांना बसायला मिळतं.

रविवार: फोर्ट पायी

आज आठला सीएसएमटीला उतरा आणि स्टेशन बाहेरून पाहा. समोरचा रस्ता सांभाळून ओलांडून महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला उभे राहा, तिथून घुमट नीट दिसतो. त्याच्यावर हातात मशाल घेतलेली प्रगतीची स्त्रीमूर्ती आहे. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ: एक ब्रिटनचा, एक भारताचा. कोरीवकामात जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात होता. मुलांना भिंतीवरचे प्राणी मोजायला सांगा, अर्धा तास कसा गेला कळत नाही. इमारतीचा आराखडा फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचा, काम १८७८ ते १८८८ चाललं. पाठीमागची महापालिकाही त्यांचीच.

दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून चालत हुतात्मा चौकात या. कमानींची सावली असल्याने ही वाट सोपी आहे. चौकात थांबा. २१ नोव्हेंबर १९५५ ला इथे संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार त्या स्मारकावर आहेत. शेजारचं कारंजं १८६४ चं. महाराष्ट्राच्या कुठल्याही गावाहून आलेल्या माणसाला मुंबईत एकच जागा दाखवायची म्हटली तर मी ही दाखवीन.

पुढे ओव्हल मैदान. मैदानाच्या मधोमध उभं राहून एकदा पूर्वेला आणि एकदा पश्चिमेला वळा. पूर्वेला राजाबाई टॉवर, विद्यापीठ, उच्च न्यायालय, म्हणजे एकोणिसाव्या शतकातली टोकदार दगडी मुंबई. पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या गोलसर गॅलऱ्यांच्या आर्ट डेको इमारती. २०१८ मध्ये युनेस्कोने या दोन्ही बाजू मिळून जागतिक वारसा ठरवल्या. मधे रविवारचं क्रिकेट जोरात चाललेलं असतं, चेंडू सांभाळा.

साडेदहा-अकरा वाजले की उन्हातून बाजूला व्हा आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरा. १९०५ मध्ये पायाभरणी, पहिल्या महायुद्धात लष्करी रुग्णालय, १९२२ मध्ये संग्रहालय. जॉर्ज विटेट यांनी ही इमारत आणि गेटवे दोन्ही रचली. सगळी दालनं पाहायची हाव धरू नका. तळमजल्यावरची शिल्पं आधी पाहा, त्यांत घारापुरीच्या मूर्तीही आहेत. काल अंधारात पाहिलेलं काम आज उजेडात, हाताच्या अंतरावर दिसतं. मग जेवण, बागेत बसणं आणि पुन्हा एखादं दालन. चार वाजेपर्यंत इथेच.

संध्याकाळी हुतात्मा चौकातून मेट्रोने दादर. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसायला म्हातारी माणसं एका पायावर तयार असतात. दिवाळीच्या आधी आला असाल तर माहीमची कंदील गल्ली इथून जवळ आहे. रात्रीचं खाणं दादरलाच आटपा आणि नऊच्या पुढे निघा. ठाण्याची फास्ट दादरला भरलेली येते. आत्या-काका बरोबर असतील तर मी ती सोडून ठाणे धीमी पकडते. कुर्ला-घाटकोपरपर्यंत सगळ्यांना बसायला मिळतं, आणि मुलगा खांद्यावर झोपला तरी चालतं, कारण गाडी ठाण्यापुढे जात नाही.