मका वाळला की नाही, मिठाने बघा

काढणीच्या दिवसांत ऊन-ढगाचा खेळ चालू असतो, दाणा वरून कडकडीत वाटतो पण आत ओल राहते, आणि पोत्यात भरला की आठ-पंधरा दिवसांत बुरशीचा वास सुटतो. दाताखाली दाणा फोडून अंदाज येतो खरा, पण दरवेळी बरोबर येईलच असं नाही. ओल मोजायचं मशीन नसेल तर हे करा.

१. झाकणाची काचेची बाटली घ्या, आतून पूर्ण कोरडी पाहिजे, पुसून उन्हात ठेवली तर उत्तम.
२. ढिगाच्या वरचे नाही, मधले आणि तळाचे दाणे घ्या, बाटली एक तृतीयांश भरा. दाणे गरम असतील तर आधी सावलीत गार होऊ द्या.
३. वर २-३ चमचे बारीक मीठ टाका. मीठ कोरडंच हवं, दमट असेल तर तव्यावर गरम करून गार करा, नाहीतर सगळी टेस्ट फुकट.
४. झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा, मग १५ मिनिटं तशीच ठेवा.

मीठ काचेला आतून चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर आहे, परत वाळत घाला. सगळं मीठ सुटं होऊन तळाशी बसलं तर १५ च्या खाली.

फक्त एक, जास्त महिने ठेवायचा मका १२-१३ टक्क्यांवर आणावा लागतो, म्हणून मीठ सुटं राहिलं तरी अजून एक-दोन उन्हं द्याच, घाई करू नका.