मुलगे आवडतात की काय, असा प्रश्न पडलेल्या मुलासाठी

तू अकरावी-बारावीत असशील असं धरून लिहितोय. मी चाळिशीचा, कराडजवळच्या गावचा, पुण्यात नोकरीला, आणि गे.

आधी एक कर: आजच्या आज निकाल लावू नकोस. क्लासमधल्या एखाद्या मुलाचा मेसेज आला की छातीत धडधडतं, एवढ्यावरून जन्माचा शिक्का मारून घ्यायची गरज नाही. कुणाला दहावीतच पक्कं कळतं, कुणाला पंचविशीत, कुणाला मुलगे-मुली दोन्ही आवडतात. आणि कोण आवडतं हा एक प्रश्न, मी स्वतःला मुलगा मानतो का हा वेगळाच. पोरं ‘बायल्या’ म्हणून चिडवतात म्हणून तू गे ठरत नाहीस, आणि कबड्डीत जोरदार चढाया करतोस म्हणून सुटलास असंही नाही. ‘तुम्ही गे आहात का?’ छापाच्या ऑनलाइन चाचण्यांचं तर नावच काढू नकोस.

मग फोन बघ. वडिलांच्या आणि तुझ्या मोबाइलवर एकच गूगल खातं असेल तर तू शोधलेलं, पाहिलेलं तिकडेही दिसू शकतं. आधी खातं वेगळं कर. डेटिंग अ‍ॅपवर वय खोटं टाकून जाऊ नकोस. तिथला ‘बावीस वर्षांचा’ खरंच बावीसचा असेल याची खात्री काय? फोटो पाठवू नकोस. पाठवला असशील आणि कोणी पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नकोस, कारण असा माणूस एकदा घेऊन थांबत नाही. चॅट पुसू नकोस, स्क्रीनशॉट ठेव, 1098 (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा 1930 (सायबर गुन्ह्यांची हेल्पलाइन) ला फोन कर. तू अल्पवयीन आहेस. गुन्हा त्याचा, तुझा नाही.

सांगायचं कुणाला, हे सगळ्यात नाजूक. सांगायलाच हवं असं काही नाही. पण सांगावंसं वाटलं तर आधी चाचपून बघ. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टाचा कलम 377 चा, म्हणजे समलैंगिक संबंध गुन्हा नाही असं सांगणारा निकाल आला तेव्हा आमच्याकडे टीव्ही चालू होता. मावशी म्हणाली, “काय थेरं एकेक!” ताई म्हणाली, “जगू देत की त्यांचं त्यांना.” मला माझा माणूस सापडला. महिन्याभराने ती मेथी निवडत होती तेव्हा तिला सांगितलं. तिने जुडी खाली ठेवली नाही. बराच वेळ नुसती पानं खुडत राहिली. मग म्हणाली, “आईला आत्ता नको. बाबांचं ऑपरेशन होऊ दे.” सांगायला असाच माणूस निवड, पुढचं व्यवहारी बोलणारा. भांडणाच्या भरात, निकालाच्या दिवशी किंवा लग्नघरात सांगू नकोस. आणि घरातून हाकलतील, मारतील अशी भीती असेल तर स्वतःच्या पायावर उभा राहीपर्यंत गप्प राहणं हा भित्रेपणा नाही.

घरात कळलं आणि कोणी ‘औषधाने बरा होईल’ म्हणत बुवाकडे किंवा डॉक्टरकडे न्यायला निघालं, तर एवढं लक्षात ठेव: जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ‘बदलून देतो’ असं म्हणणारे उपचार करणं हे डॉक्टरसाठी गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2022 मध्ये सांगितलं. ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ हा सल्ला तर एका मुलीचंही आयुष्य नासवतो.

कायद्याचं थोडक्यात. 2018 चा निकाल सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरता आहे. अठराच्या आत पोक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा लागतो, मग मुलगा-मुलगी असो की मुलगा-मुलगा, आणि तुझ्या ‘हो’ला कायद्यात किंमत नाही. थांब थोडा.

समुपदेशकाकडे गेलास तर पहिलाच प्रश्न हा विचार: “मी जे बोलेन ते घरी सांगणार का? कोणत्या बाबतीत सांगावं लागेल?” उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा शोध. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर हे सगळं वाचत बसू नकोस, आत्ता तिथे लाव आणि घरातल्या किंवा शेजारच्या एका मोठ्या माणसाजवळ जाऊन बस.

आपल्यासारख्यांसाठी काम करणाऱ्या संस्थाही आहेत: मुंबईत हमसफर ट्रस्ट 1994 पासून आहे, पुण्यात समपथिक ट्रस्टने 2002 मध्ये काम सुरू केलं. अशा कुठल्याही संस्थेत फोन केलास की आधी खरं वय सांग. काही कार्यक्रम फक्त मोठ्यांसाठी असतात.